आईंना सुविचार नकोत, भाजीची पिशवी हवी आहे

वाचकाचं पत्र

माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. कराडजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. सासरे गेल्यावर आमच्याकडे नाशिकला आल्या. मागच्या पावसाळ्यात गॅलरीत पाय घसरून पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघून पाच महिने झाले, डॉक्टर म्हणतात हाड छान जुळलंय. पण तेव्हापासून त्या खुर्चीतच असतात. आम्ही त्यांना गॅसपाशी जाऊ देत नाही, एकट्यांना जिना उतरू देत नाही, बँकेचं सगळं आता माझे मिस्टर मोबाइलवर बघतात. त्यांना कसला त्रास होऊ नये एवढीच आमची इच्छा आहे. तरी दिवसातून दहा वेळा म्हणतात, "आमचं काय, पिकलं पान." मी वाचलं की म्हातारपणाकडे चांगल्या नजरेने बघणारी माणसं साडेसात वर्षं जास्त जगतात. म्हणून रोज सकाळी त्यांना एक सुविचार वाचून दाखवते. परवा म्हणाल्या, "तुझे सुविचार तुझ्यापाशीच ठेव." ते साडेसात वर्षांचं खरं आहे का? आणि त्यांचे विचार बदलायचे कसे?

ता.क. मी ४४ वर्षांची आहे. हल्ली जिना चढताना गुडघा दुखतो आणि मनात येतं, झालं, आपलंही सुरू झालं.

— एक सून, नाशिक

उत्तर

नमस्कार,

सासूबाईंसाठी रोज सकाळी वेळ काढणारी सून आहात, हे पत्रातून कळतंच. म्हणून आडपडदा न ठेवता लिहिते.

आधी त्या साडेसात वर्षांबद्दल. आकडा कुणीतरी मनाने रचलेला नाही. अमेरिकेत ओहायो राज्यात ऑक्सफर्ड नावाचं एक लहान गाव आहे. १९७५ साली तिथल्या पन्नाशीच्या पुढच्या लोकांना बरेच प्रश्न विचारले गेले. पुढे येल विद्यापीठातल्या बेका लेव्ही यांनी त्यांतल्या ६६० जणांची उत्तरं घेतली, कोण कधी वारलं याच्या नोंदी शोधल्या आणि दोन्ही जुळवून पाहिलं. तब्बल २३ वर्षांचा हिशेब होता तो. २००२ मध्ये निष्कर्ष छापून आला. स्वतःच्या वाढत्या वयाबद्दल ज्यांचं मत बरं होतं ते, मत वाईट असणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले होते. वय, स्त्री की पुरुष, सांपत्तिक स्थिती, एकटेपणा, सुरुवातीला तब्येत कितपत चालती होती, हे सगळं जमेस धरूनही फरक उरलाच.

या लोकांना विचारलं काय होतं, ते तुम्हाला मुद्दाम सांगते. काही वाक्यं पुढे ठेवून ती पटतात का एवढंच विचारलं होतं. वय वाढतं तसतसं सगळं बिघडतच जातं, हे पटतं का? गेल्या वर्षी अंगात होता तेवढाच उत्साह यंदाही आहे का? आणि एक वाक्य असं होतं, की वय वाढलं की माणसाचा उपयोग कमी होतो.

हे शेवटचं वाक्य सासूबाईंपुढे ठेवलं, तर त्या काय म्हणतील? आणि त्यांनी "हो, पटतं" म्हटलं, तर ते खोटं कसं म्हणायचं? सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत त्या घरात त्यांच्यावाचून काहीही अडत नाही. त्यांच्यावाचून अडू नये अशी व्यवस्थाच तुम्ही दोघांनी केली आहे. मायेपोटी केली आहे, यात शंका नाही. पण पोरांना शिकवण्यात, हजेरीपटापासून पालकसभेपर्यंत सगळं निभावण्यात जिची उभी हयात गेली, त्या बाईच्या हातून विळी, पिशवी, पासबुक आणि जिना, चारही गोष्टी एकाच पावसाळ्यात गेल्या. आता त्या "पिकलं पान" म्हणतात तेव्हा ती नुसती निराशा नसते. आपल्या दिवसाकडे बघून काढलेला तो अनुमान आहे. सुविचाराने तो खोडता येत नाही, कारण सुविचार एक मिनिटाचा आणि उरलेला दिवस त्याच्या उलट.

माझं म्हणणं एवढंच आहे, की त्यांचे विचार बदलायला जाऊ नका, दिवस बदला. विचार त्या दिवसातूनच आले आहेत.

याला आधार आहे. अमेरिकेतच कनेटिकट राज्यातल्या एका वृद्धाश्रमात १९७६ साली एलेन लँगर आणि जुडिथ रोडिन यांनी एक प्रयोग केला. एका मजल्यावरच्या आजी-आजोबांना व्यवस्थापकाने सांगितलं, की तुमची खोली कशी लावायची ते तुम्ही ठरवा, सिनेमा कुठल्या दिवशी बघायचा ते तुम्ही ठरवा, आणि हे एक रोप, याचं पाणी तुम्ही बघायचं. दुसऱ्या मजल्यावरही रोपं दिली, सिनेमाही दाखवला. फक्त तिथे सांगितलं, की तुमची काळजी घेणं आमचं काम आहे, पाणी नर्स घालतील. तीन आठवड्यांनी पाहिलं तर पहिल्या मजल्यावरचे बहुतेक जण आधीपेक्षा हुशारीने वावरत होते, लोकांत मिसळत होते. दुसऱ्या मजल्यावरच्या बहुतेकांची तब्येत ढासळली होती. पुढे कुठल्या मजल्यावरची किती माणसं वारली, ते आकडे लोक फार रंगवून सांगतात. माणसं थोडी होती, त्यामुळे मी त्यावर भर देणार नाही. पण रोपाला पाणी कोण घालतं एवढ्याने माणसाच्या वागण्यात फरक पडतो, हे मला पुरेसं बोलकं वाटतं. तुमचं घर आज दुसऱ्या मजल्यासारखं चाललं आहे.

आता थोडं सावधपणे. साडेसात ही दोन गटांच्या सरासरीतली तफावत आहे, सासूबाईंच्या नावावर जमा होणारी रक्कम नव्हे. शिवाय ज्याला आतून काही आजार पोखरत असतो, त्याला निदान व्हायच्या आधीच म्हातारपण नकोसं वाटू शकतं; तिथे आजारच आयुष्य कमी करतो आणि बोल मात्र विचारांना लागतो. ओहायोतल्या ऑक्सफर्डच्या अभ्यासात हे शक्य तितकं वेगळं काढलं आहे, तरी पूर्ण वेगळं काढणं कुणालाच जमत नाही. ब्रिटनमध्ये सात लाखांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. आनंदी असल्यामुळे माणूस जास्त जगतो का, असा प्रश्न होता. आधीच असलेलं आजारपण हिशेबात घेतल्यावर आनंदी आणि नाखूश बायकांच्या मृत्यूच्या प्रमाणात फरक राहिला नाही. म्हणजे हसरा चेहरा ठेवा, आयुष्य वाढेल, असा सरळ हिशेब नाही. मला तर हे वाचून हायसं वाटलं होतं. आजारी माणसाला "तू नीट विचार केला नाहीस म्हणून" असं सुनावण्याचा अधिकार कुणालाच उरत नाही. तुमच्या घरात तो सूर चुकूनही येऊ देऊ नका.

मग वयाबद्दलचं मत शरीरापर्यंत पोचतं कसं? बरंचसं तर अगदी साध्या वागण्यातून. "या वयात हे चालायचंच" असं एकदा ठरलं, की माणूस डॉक्टरकडे जात नाही, व्यायाम सोडतो, गोळी चुकली तरी त्याला काही वाटत नाही. कॅनडात ऐंशीपुढच्या शंभरेक माणसांना त्यांच्या आजारांचं कारण विचारलं गेलं. ज्यांनी "म्हातारपण" हेच कारण दिलं, त्यांच्यात पुढच्या दोन वर्षांत मृत्यूचं प्रमाण दुपटीहून अधिक होतं. इथेही माणसं थोडी होती, पण कारण आपल्याला आजूबाजूला दिसतं. ऐकू कमी येतं, वय झालं. विसरायला होतं, साठी बुद्धी नाठी. प्रत्यक्षात कान मळाने भरलेला असतो, किंवा यंत्र लावून भागण्यासारखं असतं. विसरण्यामागे बी-१२ ची कमतरता, थायरॉईड किंवा उदासीनतेचा आजार असू शकतो आणि या तिन्हींवर औषध आहे. वयावर खापर फोडलं की शोधच थांबतो.

सासूबाईंच्या बाबतीत हे आत्ताच घडतंय. उभ्या उंचीवरून पडून ७१ व्या वर्षी मनगट मोडतं, तेव्हा हाड जुळलं एवढ्याने काम संपत नाही. हाडं ठिसूळ झाली आहेत का, याची डेक्सा तपासणी झाली का? ड जीवनसत्त्व आणि बी-१२ पाहिलं का? मोतीबिंदू आहे का, रक्तदाबाची किंवा झोपेची गोळी चालू असेल तर उठल्यावर चक्कर येते का? मनगट मोडणं ही बऱ्याचदा पहिली सूचना असते. तिच्याकडे दुर्लक्ष झालं तर पुढची पाळी खुब्याच्या हाडाची. आणि फिजिओथेरपी पुरी झाली की प्लास्टर निघाल्यावर दोन-चार वेळा जाऊन सोडली? पत्रात तिचा उल्लेखच नाही, म्हणून विचारते. यातल्या एकाही पावलासाठी आधी विचार बदलावे लागत नाहीत. अपॉइंटमेंट घ्या.

तुमच्या मिस्टरांना हे वाचायला द्या. त्यांची भीती मला कळते. आई परत पडली तर, हीच ना? पण खुर्ची त्यांना पडण्यापासून वाचवत नाही, उलट पडण्याची तयारी करते. २००७ साली एक अभ्यास झाला. सरासरी ६७ वर्षांच्या धडधाकट माणसांना दहा दिवस फक्त पलंगावर ठेवलं. दहा दिवसांत त्यांच्या पायांचं जवळजवळ एक किलो मांस उतरलं. धडधाकट माणसांचं! तुमच्या सासूबाई पाच महिने बसून आहेत. त्या आता उठताना लटपटल्या, तर मिस्टर म्हणतील, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" आणि त्यांना आणखी बसवतील. वयामुळे पाय गेले असं सगळ्यांना वाटेल, बसण्यामुळे गेले हे कुणी म्हणणार नाही.

गेलेलं परत येतं. बॉस्टनच्या एका वृद्धनिवासात १९९० साली नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त माणसांकडून आठ आठवडे मांड्यांचा वजनाचा व्यायाम करून घेतला. पायांची ताकद सरासरी पावणेतीन पट झाली. नव्वदीत! ७१ म्हणजे त्या मानाने तरुणच.

घरी एक गोष्ट करून बघा. हातांची नसलेली, न डगमगणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. सासूबाईंनी दोन्ही हात छातीवर दुमडून घ्यायचे आणि अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उभं राहून खाली बसता येतं ते मोजायचं. तुम्ही शेजारी उभ्या राहा. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या बाईला दहा वेळा जमायला हवं. सहाच जमले तर घाबरू नका आणि त्यांच्यापुढे चुकचुकू तर अजिबात नका. वहीत तारीख घालून त्यांनाच लिहू दे. मास्तरीणबाई आहेत, प्रगतिपुस्तक कसं ठेवतात ते त्यांना शिकवायला नको. दर रविवारी परत मोजा. फिजिओथेरपिस्टला विचारून हाच व्यायाम रोज थोडा थोडा वाढवता येतो. सहाचे आठ झाले की "वय वाढतं तसं सगळं बिघडतंच" हे त्यांचं मत त्यांच्याच अक्षरात खोटं ठरेल. ते तुम्ही सांगून कधीच ठरलं नसतं.

आणि कामं परत द्या. एकदम सगळी नको, आणि "आई, तुम्हाला विरंगुळा म्हणून" असंही नको. ज्याच्यावाचून खरंच अडेल असं काम द्या. संध्याकाळची भाजी त्यांनी आणायची. आठ दिवस कुणीतरी सोबत जा, दोन पावलं मागे राहा, पिशवी त्यांच्याच हातात, डाव्या हाताने सुरुवात. काय आणायचं ते त्यांनी ठरवायचं. त्यांनी कारली आणली तर त्या दिवशी घरात कारली. कणीक मळणं हा मनगटाला चांगला व्यायाम आहे; किती आणि कधीपासून ते फिजिओथेरपिस्टला विचारून घ्या. पेन्शन त्यांची आहे ना? मग महिन्यातून एकदा त्यांनी मुलाबरोबर बँकेत जायचं, पासबुक भरून घ्यायचं, पैसे कुठे गेले ते विचारायचं. मोबाइलवर दोन मिनिटांत होतं हे मला माहीत आहे. त्या दोन मिनिटांत त्यांचा एक अख्खा व्यवहार त्यांच्या हातून जातो.

गॅलरीत मात्र फरशीवर न घसरणारी चटई हवीच. बाथरूममध्ये कमोडशेजारी आणि नळापाशी भिंतीत घट्ट बसवलेला दांडा, रात्री वाटेवर बारीक दिवा, पायात पट्टा असलेली चप्पल, साडी किंवा गाऊन घोट्याच्या वर. एवढं केलंत तर मिस्टरांची निम्मी काळजी मिटेल, आणि आईला बसवून ठेवावं लागणार नाही.

सगळ्यात जास्त मला त्यांच्या शिक्षकीपेशाबद्दल बोलायचं आहे. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात साठीपुढच्या लोकांना सरकारी प्राथमिक शाळांत आठवड्याला पंधराएक तास मुलांना वाचायला शिकवण्यासाठी पाठवलं गेलं. हेतू मुलांचाही होता आणि म्हाताऱ्यांचाही. काही महिन्यांतच ही मंडळी पूर्वीपेक्षा जास्त हिंडूफिरू लागली, टीव्हीपुढचा वेळ घटला, अंगातली ताकद वाढली. त्यांना कुणी व्यायाम करा म्हणून सांगितलं नव्हतं; शाळेत पोचायचं तर घराबाहेर पडावंच लागतं. तुमच्या इमारतीत, आसपास, वॉचमनच्या खोलीत, इस्त्रीवाल्याकडे, पहिली-दुसरीतलं एखादं मूल असेलच ज्याला जोडाक्षरं येत नाहीत. आठवड्यातून तीन दिवस, तासभर. त्याच्या आईशी तुम्ही बोला, पण शिकवायचं कसं यात पडू नका.

महर्षी कर्व्यांचा दाखला अशा वेळी हटकून दिला जातो, की बघा, ते १०४ वर्षं जगले. एका माणसाच्या आयुष्यावरून काही सिद्ध होत नाही, आणि "कर्वे बघा" म्हणून सासूबाईंना टोचणी लावायची नाही. तरी त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट मला फार आवडते. १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं तेव्हा ते ५८ वर्षांचे होते. १९३६ मध्ये, ७८ व्या वर्षी, खेड्यापाड्यांत प्राथमिक शाळा निघाव्यात म्हणून त्यांनी नवी संस्था काढली. जिथे शाळाच नाही तिथे पोरं वाचायला शिकली पाहिजेत, ही त्यांची तळमळ होती. आयुष्य वाढावं म्हणून केलेलं हे काम नव्हे. सासूबाईंनाही आयुष्य वाढेल म्हणून शिकवा असं सांगू नका. त्या मुलाला जोडाक्षरं येत नाहीत, एवढंच सांगा.

हे सगळं महिना-दोन महिने करूनही त्या बोलत नसतील, जेवण तुटलं असेल, पहाटे तीनला जाग येऊन डोळा लागत नसेल, मरणाचं बोलणं वाढत असेल, तर त्याला म्हातारपण समजू नका. ती उदासीनता आजाराची असू शकते आणि तेव्हा मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला हवं. मरणाबद्दल त्या निश्चयाने बोलू लागल्या, किंवा स्वतःला काही करण्याची भाषा आली, तर महिना कसला, त्याच दिवशी न्या.

आता तुमचा गुडघा. तो ता.क. मध्ये लिहिलात, पण मला पत्रातली ती ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली. १९६८ साली बाल्टिमोरच्याच दुसऱ्या एका अभ्यासात पन्नाशीच्या आतल्या तरुण माणसांना विचारलं होतं, की म्हाताऱ्या माणसांबद्दल तुम्हाला काय वाटतं. तेव्हा म्हातारपण हा त्यांच्या लेखी दुसऱ्यांचा विषय होता. पुढच्या ३८ वर्षांच्या नोंदी लेव्ही यांनी तपासल्या, तर म्हाताऱ्यांबद्दल ज्यांची मतं वाईट होती त्यांच्यात हृदयविकार आणि पक्षाघात जास्त आढळले. म्हणजे ४४ व्या वर्षी "झालं, सुरू झालं" असं मनात येतं, ते आजच्या गुडघ्यापुरतं राहत नाही. आणि हे तुम्ही शिकलात कुठे? बहुधा अशाच एखाद्या घरात, जिथे कुणीतरी खुर्चीत होतं आणि बाकीचे म्हणत होते, "बसा हो, तुम्ही कशाला." घरात मुलं असतील तर ती आत्ता तुमच्याकडून हेच शिकत आहेत.

चाळिशीतला गुडघा दुखण्याची कारणं बरीच असतात. मांडीचे स्नायू अशक्त असणं, वजन, जुनी दुखापत, भारतीय बैठकीत तासन्‌तास बसणं. यातल्या बहुतेकांवर व्यायामाने फरक पडतो. सासूबाईंच्या डेक्सासाठी अस्थिरोगतज्ज्ञांकडे जाल, त्याच फेरीत तुमचाही केसपेपर काढा.